धर्म आणि भूमीचा हक्क : रॉजर विल्यम्सचा अर्धाच स्वीकारला गेलेला विचार

एखादा समाज विशिष्ट देवाला मानत नाही, एवढ्यावरून त्या समाजाचा आपल्या भूमीवरील हक्क कमी प्रतीचा ठरतो काय, हा प्रश्न पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे जवळजवळ दोनशे वर्षे युरोपातील धर्मपीठांना, विद्यापीठांना आणि राजदरबारांना छळत होता, आणि अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांचे भवितव्य बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरात गुंतलेले होते. या वादाकडे केवळ लोभ आणि ढोंग यांचा इतिहास म्हणून पाहण्याची प्रथा आहे. लोभ त्यात होताच. परंतु ज्यांनी ही भूमी घेतली त्यांच्यापैकी पुष्कळ जण पापभीरू होते, आपले कृत्य देवाच्या दरबारात न्याय्य ठरावे अशी त्यांची मनापासूनची तळमळ होती, आणि म्हणूनच त्यांनी रचलेले युक्तिवाद ढोंग म्हणून बाजूला सारण्यापेक्षा बारकाईने तपासणे अधिक आवश्यक आहे. त्या युक्तिवादांच्या मुळावरच घाव घालणारा विरोध न्यू इंग्लंडमधील रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाने केला. धर्मस्वातंत्र्याचा आद्य पुरस्कर्ता म्हणून त्याचे नाव आज आदराने घेतले जाते. परक्यांची जमीन दान करण्याचा राजाला अधिकार नाही, हे त्याचे दुसरे प्रतिपादन मात्र चरित्रातील एक तपशील होऊन राहिले आहे. वास्तविक ही दोन स्वतंत्र मते नव्हती. एकाच धर्मसिद्धांतातून निघालेले ते दोन निष्कर्ष होते, आणि त्यांतील एक उचलून दुसरा टाकून देताना पुढच्या पिढ्यांनी त्या सिद्धांताचीच मोडतोड केली.

वादाचा आरंभ रोममध्ये झाला. कोलंबस पहिल्या सफरीवरून परतल्यानंतर मे १४९३ मध्ये पोप सहावा अलेक्झांडर याने ‘इंतेर चेतेरा’ हे आज्ञापत्र काढून पश्चिमेकडील सापडलेल्या आणि पुढे सापडणाऱ्या भूमी स्पेनच्या राजाराणीला बहाल केल्या. त्या भूमीवर आधीच एखाद्या ख्रिस्ती राजाचा ताबा असेल तर मात्र हे दान लागू होत नव्हते. पुढच्या वर्षी तोर्देसिलासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी समुद्रापलीकडचे जग आपसांत वाटून घेतले. पूर्वेकडील भाग पोर्तुगालकडे गेला, आणि गोव्यातील चर्चवर पोर्तुगीज राजाचा ‘पाद्रोआदो’ म्हणून ओळखला जाणारा जो आश्रयाधिकार पुढे शतकानुशतके चालला, त्याचे मूळही अशाच पोपदत्त अधिकारांत होते. या दानाला कायदेशीर रूप देण्यासाठी १५१३ च्या सुमारास पालासिओस रुबिओस या स्पॅनिश कायदेपंडिताने ‘रेकेरिमिएंतो’, म्हणजे ‘फर्मावणी’, तयार केली. देवाने जग निर्माण केले, संत पीटरला सर्व मानवांचा प्रमुख नेमले, त्याच्या गादीवरील पोपने ही भूमी स्पेनच्या राजांना दिली, सबब त्यांचे आधिपत्य मान्य करा. न केल्यास युद्ध होईल, बायकामुलांसह गुलाम केले जाईल, आणि जी मनुष्यहानी होईल तिचा दोष सर्वस्वी तुमचा असेल, असा तिचा आशय होता. ती स्पॅनिश भाषेत वाचून दाखवली जाई, कधी ऐकणारे पुरेसे जवळही नसत, आणि ती वाचली गेली असे लेखी प्रमाणपत्र नोटरी देत असे. आज हा प्रकार क्रूर विडंबनासारखा वाटतो. पण युद्धापूर्वी शत्रूला संधी दिली पाहिजे, या धर्मशास्त्रीय नियमाची ती जबाबदारीने केलेली पूर्तता आहे, असे ती लिहिणाऱ्याला वाटत होते, आणि त्या वाटण्यातच तिचे खरे भय आहे.

स्पेनमधूनच या भूमिकेला पहिला विरोध झाला, हे त्या देशाच्या खात्यावर नोंदवले पाहिजे. १५११ मध्ये हिस्पान्योला बेटावर आंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन भिक्षूने भर प्रार्थनासभेत वसाहतवाल्यांना पापी ठरवले. १५३७ मध्ये पोप तिसरा पॉल याने मूळ रहिवासी श्रद्धेबाहेर असले तरी त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही असे जाहीर केले. आणि १५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने आपल्या व्याख्यानांत हा प्रश्न तर्काच्या कसोटीवर घासून पाहिला. त्याच्या मते ‘दोमिनियुम’, म्हणजे वस्तूवरील स्वामित्व, हे माणसाच्या विवेकशक्तीतून येते, श्रद्धेतून नव्हे. त्यामुळे अश्रद्ध मनुष्यही आपल्या भूमीचा खरा स्वामी असतो, पोप हा साऱ्या जगाचा ऐहिक धनी नाही, आणि आधीच कोणाची तरी असलेली भूमी ‘सापडली’ म्हणून सापडणाऱ्याची होत नाही. तसे असते तर त्या लोकांनी युरोप शोधून काढला असता तेव्हा युरोप त्यांचा झाला असता. इतके निर्मळ प्रतिपादन केल्यावर व्हितोरियानेच एक दार किलकिले ठेवले: प्रवास करणे, व्यापार करणे आणि धर्मोपदेश करणे हे सर्व राष्ट्रांचे हक्क असून त्यांना अडथळा झाल्यास युद्ध न्याय्य ठरू शकते. अडथळा झाला की नाही हे ठरवणारा मात्र पाहुणाच होता. मूळ रहिवाशांची बाजू घेणारा बार्तोलोमे दे लास कासास आणि स्पॅनिश विजयाचे समर्थन करणारा सेपुल्वेदा यांच्यातील वायादोलिदचा प्रसिद्ध वाद १५५०-५१ मध्ये झाला, त्यात ‘निसर्गतः गुलाम’ या ॲरिस्टॉटलच्या कल्पनेची चिरफाड झाली, परंतु तोवर मेक्सिको आणि पेरू या दोन्ही ठिकाणची राज्ये कोसळलेली होती.

इंग्लंडने पोपची सत्ता झुगारली. आज्ञापत्रामागील गृहीतक मात्र ठेवून घेतले. पहिल्या जेम्स राजाने १६०६ मध्ये दिलेल्या व्हर्जिनियाच्या सनदेतही ख्रिस्ती राजाच्या वा ख्रिस्ती लोकांच्या ताब्यात नसलेल्या भूमीचाच उल्लेख आहे, म्हणजे ताबा कोणाचा मोजायचा आणि कोणाचा नाही, हे धर्मावरून आधीच ठरलेले होते. १६२९ च्या मॅसॅच्युसेट्स बेच्या सनदेने ती सारी भूमी केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिच या राजाच्या जहागिरीचा जणू भाग मानून, लष्करी सेवेची अट नसलेल्या ‘सॉकेज’ नावाच्या धारणापद्धतीने कंपनीला दिली. हीच कायदेशीर शब्दयोजना दुसऱ्या चार्ल्सने २७ मार्च १६६८ रोजी मुंबई बेट वार्षिक १० पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली करताना वापरली, त्यामुळे कायद्याच्या कल्पनेत बोस्टन आणि मुंबई ही दोन्ही गावे काही काळ एकाच इंग्लिश जहागिरीच्या आवारात होती. सनदेला तेथील रहिवाशांशी बोलण्याची गरज नसते, हे तिचे वैशिष्ट्य मुंबईकरांनीही अनुभवले. मॅसॅच्युसेट्स कंपनीच्या मुद्रेवर एक उघडा, हाती धनुष्यबाण घेतलेला मूळ रहिवासी दाखवला होता आणि समुद्र ओलांडून आमच्या मदतीला या अशी विनवणी त्याच्या तोंडी घातली होती. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौलाला स्वप्नात दिसलेल्या मासेदोनियाच्या माणसाची ती हाक होती.

प्युरिटन मंडळींना, म्हणजे चर्चमधील रोमन अवशेष काढून टाकून ते शुद्ध करू पाहणाऱ्या इंग्लिश प्रॉटेस्टंटांना, केवळ राजाच्या सनदेवर समाधान मानणे जड गेले. वसाहतीचा पहिला नेता जॉन विन्थ्रॉप याने १६२९ मध्ये भूमीवरील दोन प्रकारचे हक्क सांगितले. पहिला नैसर्गिक हक्क, जो पृथ्वी सर्वांची सामाईक असताना प्रत्येकाला असतो, आणि दुसरा नागरी हक्क, जो भूमीला कुंपण घालून, खत घालून, तिच्यावर गुरे पोसून निर्माण होतो. मूळ रहिवासी कुंपण घालत नाहीत, गुरे पाळत नाहीत, एका जागी कायम राहत नाहीत, म्हणून त्यांचा हक्क केवळ नैसर्गिक आहे, आणि त्यांना पुरेशी जमीन सोडून बाकीची घेणे न्याय्य आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. जॉन कॉटन या विद्वान धर्मोपदेशकाने १६३० मध्ये निघणाऱ्या वसाहतवाल्यांसमोर दिलेल्या प्रवचनात याला बायबलचा आधार दिला: पृथ्वी भरून टाका आणि तिला वश करा, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील आज्ञा साऱ्या आदमसंततीला आहे, म्हणून मोकळ्या भूमीवर जो श्रम करील तिचा धनी तोच. ‘व्हॅक्युम डोमिसिलियम’, म्हणजे रिकामे वसतिस्थान, हे या कल्पनेचे नाव.

ही भूमी रिकामी का दिसत होती, याचा विचार येथे थांबून केला पाहिजे. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील गावेच्या गावे ओस पाडली होती. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने आलेल्या मंडळींनी जेथे प्लिमथ वसवले ते पटुक्सेट हे अशा मृतांचेच गाव होते, त्या गावचा टिस्क्वांटम याला १६१४ मध्ये एका इंग्लिश कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेले होते, आणि तो १६१९ मध्ये परतला तेव्हा त्याच्या गावात कोणी उरले नव्हते. प्लिमथ वसवण्याआधी, १६२० च्या नोव्हेंबरमध्ये, केप कॉडच्या वाळूत फिरताना याच मंडळींना नुकतेच थापलेले ढीग दिसले. ते उकरल्यावर आत एक मोठी नवी टोपली निघाली, तीत त्या वर्षीचा मका होता आणि वर ३६ कणसे होती, काही पिवळी, काही लाल, काहींत निळे दाणे मिसळलेले. त्यांनी ते बियाणे नेले, पुढे त्याची भरपाईही केली, आणि देवाने आपल्यासाठीच ते राखले होते अशी कृतज्ञतेची नोंद केली. ज्या समाजाने मका पेरला, काढला, वाळवला आणि पुढच्या हंगामासाठी विचारपूर्वक पुरून ठेवला, त्या समाजाविषयीच नऊ वर्षांनी भूमी न कसणारे लोक असा सिद्धांत मांडला गेला. शेती तेथे स्त्रिया करीत, मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावीत, आणि जमिनीचा कस उतरला की ती पडीक टाकून दुसरी घेत. इंग्लिशांना स्त्रियांचे कष्ट शेतकऱ्याचे कष्ट वाटले नाहीत, आणि पुरुषांची शिकार त्यांना, त्यांच्या देशात ती उमरावांचा खेळ असल्यामुळे, काम वाटली नाही. १६३३-३४ च्या देवीच्या साथीनंतर विन्थ्रॉपने इंग्लंडला लिहिले की तेथील लोक जवळजवळ सारे मेले असून परमेश्वरानेच वसाहतीचा मालकी हक्क निर्वेध केला आहे. सज्जन, संयमी अशी ज्याची कीर्ती होती त्या माणसाने हे वाक्य लिहावे, यावरून एखादा सिद्धांत मनाला कुठवर नेतो हे दिसते.

रॉजर विल्यम्स फेब्रुवारी १६३१ मध्ये बोस्टनला उतरला. तरुणपणी त्याने इंग्लंडचा थोर न्यायविद एडवर्ड कोक याच्या हाताखाली लेखनिक म्हणून काम केले होते, केंब्रिजमध्ये शिक्षण घेतले होते, आणि धर्मश्रद्धेत तो प्युरिटनांहूनही कडवा होता. प्लिमथमध्ये असताना त्याने राजसनदेविरुद्ध एक निबंध लिहिला. तो टिकला नाही, पण विन्थ्रॉपच्या रोजनिशीतून त्याचा आशय कळतो: आपण ही भूमी शोधणारे पहिले ख्रिस्ती राजे आहोत असे सांगून राजाने असत्य भाषण केले, युरोपला ‘ख्रिस्ती जग’ म्हणणे ही ईश्वरनिंदा आहे, आणि मूळ रहिवाशांशी व्यवहार केल्याशिवाय राजाच्या दानाने जमिनीवर कोणताही हक्क येत नाही. जमीन कसली जात नाही या आक्षेपाला त्याचे उत्तर असे होते की ते लोक सारा प्रदेश शिकारीसाठी वापरतात आणि त्यासाठी वर्षातून एकदोनदा रानातील झुडपे जाळून ते मोकळे राखतात. इंग्लंडमधील सरदारांची शिकारीची उपवने आणि राजाची अरण्येही कसली जात नाहीत, तरी ती बळकावण्याचे धाडस कोणी करत नाही. कॉटनने १६४७ मध्ये छापलेल्या प्रत्युत्तरात म्हटले की सरदार त्या उपवनांबरोबर अन्य जमिनी कसतात, चर्च आणि राज्य यांची सेवा करतात, आणि केवळ जाळण्यासाठी एवढा अफाट खंड अडवून ठेवणे हा न्याय्य हक्क होऊ शकत नाही.

कॉटनच्या उत्तरात एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे. पृथ्वी साऱ्यांची असेल, तर एका समाजाने विस्तीर्ण भूमी राखावी आणि दुसऱ्याने दाटीवाटीने उपाशी मरावे, हे न्याय्य आहे काय? हा प्रश्न कॉटनने प्रामाणिकपणे सर्वांना लावला असता तर इंग्लंडमधील उपवनेही भूमिहीनांना वाटावी लागली असती. परंतु त्याने सरदारांना चर्च आणि राज्य यांच्या सेवेच्या नावाने सूट दिली, आणि तसे करताना हक्काचा उगम श्रमात नसून ख्रिस्ती नागरी समाजाच्या सदस्यत्वात आहे, हे नकळत मान्य करून टाकले. विल्यम्सने नेमके तेच नाकारले होते.

त्याच्या नकाराचा गाभा बायबलच्या अर्थनिर्णयात आहे. जुन्या करारातील व्यक्ती आणि घटना या येशूच्या आगमनाची पूर्वचिन्हे होती, असे मानून त्यांचा अर्थ लावण्याच्या पद्धतीला ‘टायपॉलॉजी’ म्हणतात. प्युरिटनांनी ही पद्धत वापरूनही आपल्या वसाहतीला नवे इस्राएल मानले: देवाशी करार केलेले राष्ट्र, ज्याचे दंडाधिकारी पाखंड्यांना शिक्षा देऊ शकतात आणि ज्याला कनान देशाप्रमाणे भूमी दिलेली असते. १६३७ च्या पिकॉट युद्धात मिस्टिक नदीकाठचे तटबंदीचे गाव स्त्रिया-मुलांसह जाळून शेकडो माणसे मारल्यावर कप्तान जॉन अंडरहिलने बायबलमधील दाविद राजाच्या युद्धांकडेच बोट दाखवले. विल्यम्सचे म्हणणे असे की इस्राएल हे एकमेव उदाहरण होते, येशूच्या आगमनाने त्याचे प्रयोजन संपले, आणि त्यानंतर पृथ्वीच्या पाठीवर देवाचे म्हणून कोणतेही राष्ट्र, राज्य किंवा देश उरलेला नाही. उरली आहेत ती जगभर विखुरलेली श्रद्धावान माणसे. हे एकदा मान्य केले की दंडाधिकाऱ्याला माणसाच्या पूजापद्धतीवर सत्ता राहत नाही, कारण तो इस्राएलला नियमशास्त्र देणाऱ्या मोशेचा वारस नाही. आणि त्याच क्षणी राजाला परक्याची भूमी देण्याचा अधिकारही राहत नाही, कारण तो कनान देश जिंकणाऱ्या यहोशवाचाही वारस नाही. सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि मूळ रहिवाशांची मालकी यांना जोडणारा धागा हाच.

ऑक्टोबर १६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायसभेने त्याला हद्दपार केले. राजसनदेने आपल्याला जमीन मिळत नाही, तिचे खरे मालक मूळ रहिवासी आहेत आणि सनद घेतल्याबद्दल पश्चात्ताप केला पाहिजे, हे मत आपल्यावरील आरोपांत पहिले होते, असे विल्यम्सने नंतर नमूद केले. त्यासाठी हद्दपारी झालीच नव्हती असे कॉटन म्हणत राहिला. भर हिवाळ्यात बाहेर पडलेल्या या माणसाला नॅरागॅन्सेट लोकांचे प्रमुख कॅनोनिकस आणि मियांटोनोमी यांनी जागा दिली, आणि १६३६ मध्ये तेथे प्रॉव्हिडन्स हे गाव उभे राहिले. त्यांच्या सहवासातून तयार झालेला, नॅरागॅन्सेट भाषेचा परिचय करून देणारा त्याचा ग्रंथ १६४३ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. हे लोक आपापल्या भूमीच्या सीमा ओढ्या-नाल्यापर्यंत काटेकोरपणे जाणतात, लहानशा तुकड्याचीही आपसांत खरेदी-विक्री करतात, आणि तरीही ख्रिस्ती माणसाला अश्रद्धांच्या भूमीवर हक्क आहे असे पापी मत पुष्कळांत पसरले आहे, असे तो त्यात लिहितो. मका आणि घेवडा यांचे पहिले दाणे नैर्ऋत्येकडील थोर देव कौतांतोवित याच्या शेतातून कावळ्याने कानात धरून आणले, एका कानात मका आणि दुसऱ्यात घेवडा, अशी त्यांची श्रद्धा त्याने नोंदवली आहे. म्हणून पिकाची नासाडी होत असतानाही कावळ्याला मारणारा त्यांच्यात विरळा. कोणाच्याही, मग तो इंग्लिश असो की डच, पूजेत आणि विवेकात ढवळाढवळ करू नये असा त्या लोकांचा विनम्र धार्मिक समज आहे, हीदेखील त्याचीच नोंद आहे. धर्मस्वातंत्र्याचा सिद्धांत त्याने बायबलमधून काढला. पण तो प्रत्यक्ष आचरणारा समाज त्याला बोस्टनमध्ये नव्हे, तर ज्यांना बोस्टनने अंधारात मानले होते त्यांच्यात आढळला. ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांनी जितकी ठळक करायला हवी होती तितकी झालेली नाही.

विल्यम्सलाही आपला सिद्धांत शेवटपर्यंत पेलला नाही. शेजारच्या वसाहतींचा दाब वाढला तेव्हा १६४४ मध्ये त्याने इंग्लंडच्या पार्लमेंटकडून सनद आणली, आणि १६६३ मध्ये प्रॉव्हिडन्स ज्या वसाहतीत होते त्या ऱ्होड आयलंडला राजसनदही मिळाली. १६७५ मध्ये मेटाकॉम या मूळ रहिवासी प्रमुखाच्या नेतृत्वाखाली वसाहतींविरुद्ध युद्ध पेटले, डिसेंबरमध्ये वसाहतींच्या सैन्याने नॅरागॅन्सेटांचा दलदलीतील तळ जाळला, मार्च १६७६ मध्ये प्रॉव्हिडन्स जळाले, त्यात विल्यम्सचे घरही गेले, आणि त्यानंतर पकडलेल्या मूळ रहिवाशांना ठरावीक मुदतीच्या दास्यात विकण्याची व्यवस्था पाहणाऱ्या समितीत त्याचेही नाव होते. ज्यांच्या आश्रयावर तो जगला त्यांच्या संदर्भातील हे कृत्य वयाने किंवा युद्धाच्या झळांनी क्षम्य ठरत नाही. त्याच युद्धाने दुसरीही एक गोष्ट सिद्ध केली. जॉन एलियट या धर्मोपदेशकाने १६५१ पासून ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांची ‘प्रार्थनागावे’ वसवली होती, त्यांच्या भाषेत संपूर्ण बायबल १६६३ मध्ये छापले होते, कुंपण, गुरे, नांगर आणि प्रार्थना या साऱ्या अटी ती गावे पुऱ्या करत होती. तरी युद्ध सुरू होताच त्या ख्रिस्ती रहिवाशांना बोस्टनच्या बंदरातील डीअर आयलंडवर नेऊन ठेवले गेले आणि थंडी-उपासमारीत त्यांतले पुष्कळ मेले. श्रद्धेने भूमीचा हक्क येतो हा सिद्धांत खरा असता, तर तो त्यांच्या बाबतीत लागू व्हायला हवा होता.

पुढील शतकाला धर्मसहिष्णुतेचा विचार मुख्यतः जॉन लॉक या इंग्लिश तत्त्वज्ञाच्या मांडणीमार्फत ओळखीचा झाला, आणि विल्यम्सने जोडलेले दोन भाग तेथे वेगळे पडले. लॉकने १६८९ मध्ये धर्मसहिष्णुतेचा पुरस्कार केला. कॅरोलायना वसाहतीच्या ज्या १६६९ च्या घटनेच्या लेखनात त्याचा सहभाग होता, तिच्यातही मूर्तिपूजा किंवा अज्ञान हे मूळ रहिवाशांना हाकलण्याचे कारण होऊ शकत नाही असे कलम आहे, जरी तीच घटना प्रत्येक मुक्त माणसाला आपल्या निग्रो गुलामावर निरंकुश सत्ता देते. परंतु मालमत्तेच्या विवेचनात लॉकने विन्थ्रॉपचाच युक्तिवाद बायबलचा अंगरखा उतरवून मांडला: श्रम मिसळून कुंपणात आणलेली जमीन ती मालमत्ता, आणि अमेरिका हे जगाच्या आरंभावस्थेचे उदाहरण. सहिष्णुता आली, ती भूमीचा हक्क बाहेर ठेवून. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश मार्शल यांनी जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश या खटल्यात निकाल दिला की युरोपीय राष्ट्रांना शोधामुळेच भूमीचे अंतिम स्वामित्व मिळाले आणि मूळ रहिवाशांकडे केवळ वहिवाटीचा हक्क उरला. ज्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने धर्माची राजकीय स्थापना निषिद्ध ठरवली होती, तिच्याच छत्राखाली ख्रिस्ती राजांचे शोध हा मालकीचा पाया म्हणून टिकला. व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी ‘शोधाचा सिद्धांत’ नाकारला. अमेरिकन कायद्यातून तो गेलेला नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने रॉजर विल्यम्सची हद्दपारी १९३६ मध्ये रद्द केली. ज्या नॅरागॅन्सेट लोकांनी त्याला जागा दिली होती, त्यांची जमात ऱ्होड आयलंड राज्याने १८८० मध्ये विसर्जित झाल्याचे ठरवून तिच्या उरलेल्या बहुतेक जमिनी विकत घेतल्या, संघ सरकारने १९८३ मध्ये तिला मान्यता दिली, आणि तिने घरे बांधण्यासाठी पैसे मोजून घेतलेली ३१ एकर जमीन संघ सरकारच्या विश्वस्ततेखाली आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो या कारणावरून फेटाळला की १९३४ चा संबंधित कायदा झाला त्या वेळी ही जमात संघ सरकारच्या अधिकारकक्षेत नव्हती.